परत आलेले ड्रम

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी पर्यावरण अधिकारी म्हणून काम करते, तिथे आठवडी सुट्टीच्या दिवशी यंत्रे बंद असतात. एरवी कानांना सवय झालेली घरघर थांबली, की आवार एकदम मोठे वाटू लागते. त्या दिवशी मला येण्याचे खरे तर कारण नव्हते. पण दुसऱ्या सकाळी घातक कचरा नेणारा ट्रक येणार होता, आणि त्यात चढणारा प्रत्येक रिकामा ड्रम नीट धुतलेला व भोक पाडलेला आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज मी सही करत नाही. म्हणून डिसेंबरातल्या त्या दुपारी, ऊन कलल्यावर, मी मागच्या फाटकाशी गाडी लावली. काम थोडक्यात आटोपण्यासारखे होते.

फाटकावर कडूबा होते. मूळचे गंगापूर तालुक्यातले. मेंढरे विकून या चौकीत येऊन बसलेले. त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्यासाठी चहा ठेवला.

"सुट्टीच्या दिशी बी तुमाला घर आठवत नाय का, मॅडम?"

"उद्या ट्रक आहे, कडूबा."

"मंग जा, पाडा भोकं. आख्ख्या वस्तीच्या पाण्याला भोकं पाडता तुमी." ते हसले आणि कॅनमधले पाणी पातेल्यात ओतू लागले. "हितलं पाणी लई मचूळ. तुमच्या चहासाठी घरून आणतो म्या. नायतर तोंड वाकडं करता."

त्यांच्या टोमण्यात तथ्य होते. कारखान्यामागच्या वस्तीत नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते, आणि प्रत्येक उंबऱ्याशी एक निळा ड्रम उभा असतो. मी रुजू होण्यापूर्वी आमच्या शेडमधले रिकामे ड्रम कामगारांच्या घरी जात. ती एक मेहेरबानी मानली जाई. सणासुदीला तर मागून नेत. त्या ड्रमांत क्रोमचे विषारी द्रावण असे. ते प्लास्टिकच्या अंगात मुरते. साबणाने घासून, उन्हात वाळवून ड्रम स्वच्छ दिसतो; त्यात भरलेले पाणीही स्वच्छच दिसते. मी आल्या आल्या दोन गोष्टी केल्या. शेडची किल्ली स्वतःकडे घेतली, आणि रिकाम्या ड्रमला पहारीने बुडाशी व पोटाशी भोके पाडण्याचा नियम पहिल्यांदा खरोखर अमलात आणला. वस्तीत मला काय म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

चहा पिऊन मी शेडकडे निघाले. कडूबा काठी घेऊन मागे आले.

शेडचे कुलूप माझेच होते, मी लावले होते तसेच. दार सरकवले तेव्हा आतली हवा अंगावर आली. या शेडचा वास मला पाठ आहे: आंबटसर, धातूचा, घशाच्या मागे बसणारा. त्यात त्या दिवशी दुसरा एक वास मिसळला होता. ओल्या फडक्याचा, शेवाळाचा. घरातल्या मोरीशी, पाणी भरून ठेवतात त्या कोपऱ्याचा वास. वीज बंद होती. छतातल्या दुधी पत्र्यांतून येणारा उजेड पिवळा पडत चालला होता, आणि रांगेत उभे असलेले ड्रम त्यात काळसर दिसत होते.

मग तो आवाज आला.

टक्. थोडे थांबून, टक्. पुन्हा, किंचित खालून, टक्.

बोटाच्या पेराने कोणीतरी ड्रम वाजवत होते.

मी जागीच थांबले आणि कारण शोधू लागले. दिवसभर तापलेले प्लास्टिक गार होताना आकसते; आकसताना वाजते. हे स्पष्टीकरण योग्य आहे, आजही मी ते नाकारणार नाही. पण आकसणारे प्लास्टिक क्रम पाळत नाही. हा आवाज एका ड्रमवर वरून खाली उतरत होता, बुडाशी पोचला की थांबत होता, आणि मग पुढच्या ड्रमवर वरूनच सुरू होत होता. पोकळ... पोकळ... पोकळ...

तुम्ही या भागातली पाणी भरणारी बाई पाहिली असेल. ती झाकण उघडून बघत नाही. ड्रमच्या अंगावर वरून खाली बोट वाजवत येते. जिथे आवाज भरीव होतो, तिथे पाणी. रोज सकाळी प्रत्येक दारात हा आवाज असतो.

"कडूबा," मी हलक्या आवाजात विचारले, "आत कोणी आहे का?"

ते दाराबाहेरच उभे होते. काठी दोन्ही हातांनी धरलेली.

"कुलूप तर तुमीच काढलं ना, मॅडम..."

"मग हा आवाज?"

"सत्यभामा अशीच वाजवायची," ते म्हणाले. "कंत्राटावर व्हती. हितंच ड्रम धुवायची. पैला ड्रम घरी तिनंच नेला, आन् मंग गल्लीतल्या बायांना बी तिनंच मिळवून दिले. भली बाई व्हती, वो. तुमी यायच्या आदी, उन्हाळ्यात गेली. पोटात पाणी झालं. ह्या ड्रमावानी पोट फुगलं तिचं... दवाखान्यात पाणी काढायचे, की दुसऱ्या दिशी पुन्हा भरायचं."

आवाज आता शेडच्या टोकाशी पोचला होता. पोकळ... पोकळ... आणि मग, एकदम, भरीव.

त्यानंतर शांतता.

मी पुढे गेले. भीती वाटली नाही असे नाही. पण माझ्या ताब्यातल्या शेडमध्ये एखादा भरलेला ड्रम असेल आणि त्याची मला कल्पना नसेल, तर ती गोष्ट भीतीपेक्षा मोठी होती. मोबाइलचा उजेड टाकत मी शेवटच्या कोपऱ्यात पोचले.

तिथे भिंतीशी काही ड्रम उभे होते, जे मी कधीच पाहिले नव्हते. आमचेच होते, कंपनीचे रंगाने छापलेले अक्षर पुसट का होईना, होते. पण एकालाही भोक नव्हते. एकाच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला. एकावर हळदीकुंकवाची बोटे. एक पाण्याने भरलेला; त्याच्या कडेला प्लास्टिकचा मग दोरीने अडकवलेला, आणि तो मग अजून हलत होता.

"कडूबा, इकडे या. हे कोणी आणून ठेवले?"

ते आले. मगाकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ह्यो आमच्या गल्लीतल्या साहेबरावच्या घरचा हाय."

"म्हणजे साहेबरावांनी परत आणून दिला. चांगलेच केले."

"साहेबरावची बायको दसऱ्याला गेली, मॅडम. घराला कुलूप लावून तो गावाकडं गेला. आन् हळदीकुंकवाचा हाय ना, तो पलीकडच्या गल्लीतल्या म्हातारीचा. तिला बी मागच्याच महिन्यात..." काठी जमिनीला टेकवून ते हळूहळू खाली बसले. "ज्या घरातलं मानूस गेलं, त्या घरचा ड्रम हितं आलाय."

"असे काही नसते."

"मपल्या घरी बी हाय."

मला क्षणभर कळले नाही.

"मपल्या घरी बी एक ड्रम हाय, मॅडम. तुमी लई बोलल्या असत्या म्हणून सांगितलं नाय. सून बी त्यातच पाणी भरती. आमची सखू त्यातलंच पिती. चार वर्साची हाय, वो... पंधरा दिस झाले, पोट दुखतंय म्हणती. म्या म्हणलं, जंत झाले आसतील."

मी त्यांना उठवले. शेड बंद केली, कुलूप ओढून पाहिले, आणि कडूबांना गाडीवर मागे बसवून वस्तीकडे निघाले. वाटेत ते माझ्या पाठीमागे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होते: "तिथंच आसू दे... ड्रम दारातच आसू दे..." ड्रम दारात असणे म्हणजे लेकरू जिवंत असणे, असा तो हिशेब होता. त्या वेळी मी त्याला हरकत घेतली नाही.

दिवेलागण झाली होती. गल्लीत चुलींचा धूर खाली बसला होता. कडूबांच्या दाराशी पोचलो, आणि उंबऱ्याजवळ फरशीवर एक ओले वर्तुळ दिसले. ड्रम नव्हता.

कडूबांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी लिहून दाखवू शकत नाही.

"आज्जा, ओरडतो कामून?"

सखू आतून बाहेर आली. हातात अर्धी भाकरी, नाकाला शेंबूड, डोळ्यांत झोप. कडूबांनी तिला इतक्या जोरात कवटाळले की ती रडू लागली. तिची आई काम संपवून अजून परतली नव्हती. घरात पोर एकटीच होती.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. "सखू, पाण्याचा ड्रम कुठे गेला?"

"मावशीनं नेला."

"कोणत्या मावशीने?"

"मोठ्या पोटाच्या."

कडूबांनी डोळे मिटून घेतले. मी आवाज शक्य तितका साधा ठेवला. "भरलेला ड्रम तिने एकटीने नेला? कसा?"

"कडेवर," सखू म्हणाली, जणू ड्रम नेण्याची दुसरी रीतच नसते. मग तिने फ्रॉक वर केला आणि बोटाच्या पेराने स्वतःच्या पोटावर, छातीपासून खाली, टक् टक् केले. "मावशीनं असं केलं. मंग म्हणली, ही रिकामी हाय. बरं झालं म्हणली."

"आणखी काही म्हणाली?"

सखूने भाकरीचा घास चावत माझ्याकडे पाहिले. लहान मुले अनोळखी माणसाकडे पाहतात तसे नव्हे. ओळख पटवून घ्यावी तसे.

"आज्जा ज्या बाईला चहा देतो, ती तूच का?"

मी कडूबांकडे वळले. चौकीतला तो पांढरा कॅन माझ्या डोळ्यांसमोर होता. पावसाळा सरल्यापासूनचा रोजचा चहा होता.

"कडूबा, चहाचे पाणी..."

त्यांनी मान खाली घातली. "चांगलं पाणी म्हणूनच आणत व्हतो, मॅडम. आईची आन."

सखूला आम्ही त्याच संध्याकाळी घाटी रुग्णालयात नेले. रक्ताची तपासणी झाली. मूत्रपिंडावर थोडा परिणाम आहे, पण ते पाणी पिणे थांबले तर मूल सावरेल, असे सांगण्यात आले. ती सावरते आहे. कडूबांच्या दारात आता नवा ड्रम आहे, दुकानातून आणलेला. मी स्वतः पाहून घेतला. इतर घरांतलेही बदलायचे आहेत. काही बायका दार उघडतात, काही उघडत नाहीत.

दुसऱ्या सकाळी ट्रक आला तेव्हा मी शेड उघडली. भिंतीशी एक ड्रम वाढला होता. कडूबांनी तो लगेच ओळखला. झाकणावर सखूने खडूने काढलेली चांदणी होती. ड्रम रिकामा होता आणि त्याला भोके होती, एक बुडाशी, एक पोटाशी, नियमाप्रमाणे. बाकीच्या परत आलेल्या ड्रमांनाही रात्रीतून तशीच भोके पडली होती. व्यवस्थापकांना मी सगळे सांगितले. ते म्हणाले, भोके आहेत ना, मग चढवा.

मी प्रत्येक भोक तपासले. पहारीने ड्रम फोडला की प्लास्टिकच्या कडा आत वळतात. मी शेकडो पाहिल्या आहेत. या कडा बाहेर वळलेल्या होत्या.

मी सही केली. ट्रक गेला.

माझ्या स्वतःच्या तपासण्यांचे अहवाल निर्दोष आले. तरीही पोटात जडपणा वाटत होता, म्हणून मी शहरात एका अनुभवी डॉक्टरांकडे गेले. प्रसन्न, उजेडाचा दवाखाना, सकाळची वेळ. त्यांनी मला पडद्यामागच्या टेबलावर झोपायला सांगितले. पोट बोटाने वाजवून पाहू, आत पाणी असेल तर आवाज बदलतो, असे त्यांनी समजावले. मला ती पद्धत ठाऊक होती. मी डोळे मिटून पडून राहिले.

बोट गार होते, थोडे ओले. बरगडीखाली पहिला ठोका पडला. पोकळ. जरा खाली, पुन्हा पोकळ. बोट थांबले, विचार केल्यासारखे. मग बेंबीच्या खाली, अगदी हलकेच, एकदा वाजले.

भरीव.

"डॉक्टर," मी डोळे न उघडताच विचारले, "पाणी आहे का?"

"आलोच," पडद्यापलीकडून त्यांचा आवाज आला, आणि त्यासोबत बेसिनच्या नळाचा. "हात धुतोय. अजून सुरुवात कुठे केलीय?"