तांबळ खाडीची दुसरी फेरी

शमिका कुबल परीक्षेत नापास झाली, कारण तिला खाडीकाठी बरं वाटलं.

लेखी पेपरात ती पहिली आली होती. कांदळवनाच्या मुळांपासून गाळातल्या जिवाणूंपर्यंत काय विचाराल ते तिला येत होतं. पण किनारा परिसंस्था मंडळात निरीक्षकाची नोकरी मिळवायची तर नुसतं डोकं चालून भागत नसे. उमेदवाराला एका अनोळखी खाडीकाठी उभं करत आणि त्याच्या गळ्याच्या हाडाखाली चिकटवलेली पट्टी वाचत. खाडी आजारी असेल तर पट्टीवरचा आकडा चढायला हवा. शमिकाला नेलं ती खाडी आतून सडत चाललेली, आणि ही पोरगी तिथे डोळे मिटून मस्तपैकी श्वास घेत उभी! आकडा ढिम्म हलला नाही.

पट्टीचं सरकारी नाव अस्वस्थतामापक. एवढं लांबलचक कोण म्हणणार? सगळे तिला चुळबूळ म्हणत.

आता तुम्ही विचाराल, खाडी तपासायला माणसाची चुळबूळ कशाला? यंत्रं मेली का? नाही हो, यंत्रं पोत्यानं होती. पाण्यातला प्राणवायू, क्षार, मासे, किडे, सगळं मोजत होती. पण जुनेजाणते तज्ज्ञ काठावर पाय ठेवताच म्हणायचे, "इथे काहीतरी बिनसलंय." काय ते विचारलं तर त्यांना धड सांगता यायचं नाही. मग वर्षभरानं यंत्रांचे आकडे घसरायचे आणि म्हाताऱ्यांचं खरं ठरायचं. कारण मेंदू शेकडो बारीक गोष्टी एकदम ताडून बघतो. चिखलाचा वास, खेकड्यांची लगबग, पाखरांचे आवाज. त्याचा निकाल शब्दांत यायला वेळ लागतो, अंगावरचा काटा मात्र लगेच येतो. शेवटी मंडळानं तज्ज्ञांना विचारणं सोडलं आणि त्यांच्या कातडीला विचारायला सुरुवात केली.

"पण मॅडम, मला खरंच तिथे काही वाईट वाटलं नाही," शमिका रडवेली होऊन म्हणाली.

डॉ. सुलभा हर्डीकर प्रशिक्षण आणि तपासणी विभागाच्या प्रमुख होत्या. बोलणं तुटक, पण माणूस वाईट नव्हे. "तुझं गाव कुठलं?"

"तांबळ. आमची खाडी फार सुंदर आहे, मॅडम. बाबा अजून होडी घालतात. तिच्यामुळेच तर मी या विषयात आले."

"तिथेच घोटाळा आहे. आपला तो बाब्या! लहानपणी जी खाडी पाहिलीस, ती तुझ्या मेंदूनं निरोगी म्हणून धरली. त्याला आम्ही मूळबिंदू म्हणतो. सगळं मोजायचं ते तिथून. आणि तुझा मूळबिंदूच आजारी असेल, तर दुसरी आजारी खाडी तुला घरच्यासारखी वाटणार."

"तांबळ आजारी नाही!"

"तुझ्या बाबांनाही तसंच वाटत असेल. त्यांच्या वडिलांनाही वाटायचं. प्रत्येक पिढी थोडी जास्त मेलेली खाडी बघते आणि हीच खरी म्हणते. मूळबिंदू बदलता येतो, शमिका. पण नंतर तांबळला तुला पूर्वीसारखं करमणार नाही. घरी विचार, मग सही कर."

तिनं विचारलं नाही. बाबांना काय विचारायचं, आणि कसं? जागा एकच होती आणि मागे रांग लागलेली होती. तिनं सही केली.

मूळबिंदू बदलायची तऱ्हा सोपी होती. खाडीच्या तळातून गाळाचा लांब दांडा काढायचा. त्यात थरावर थर परागकण, शिंपले, माशांचे खवले साठलेले असतात. त्यावरून तीनशे वर्षांपूर्वीची खाडी कशी असेल ते संगणक रचतो आणि एका गोल खोलीत तिचे वास, आवाज, रंग, पायाखालचा चिखलसुद्धा उभा करतो. उमेदवारानं त्या खोलीत काही आठवडे राहायचं. जेवायचं तिथे, झोपायचं तिथे. पहिले दिवस शमिकाला त्या कलकलाटाचा वीट आला. किती ती पाखरं, किती मासे, पाणी नुसतं उसळतंय! पुढे सवय झाली, आणि मग ते तिला घर वाटू लागलं. बाहेर पडली तेव्हा पट्टी शिवून कायमची बसवली, कारण काढता येणारी पट्टी लोक नको तिथे काढून ठेवत.

नोकरी लागल्याचे पेढे घेऊन ती तांबळला गेली. गावातली पहिली शास्त्रज्ञ! वासुदेव कुबलांची छाती फुगली होती. त्यांनी तिला होडीत घातलं आणि खाडी दाखवायला निघाले.

"बघ गो, बोय कसे उड्या मारतत! औंदा चांगले गावतत."

एक मासा उडाला. मग बराच वेळ काही नाही. शमिकाच्या कानांना ती शांतता टोचू लागली. इतकं गप्प पाणी? किवंडे झाले की काय माझे कान? बाबा वल्हं मारत होते, मधेच खोकत होते. शर्टाच्या आत त्यांच्या गळ्याची हाडं वर आलेली दिसत होती. "औषध घेतलंत काय?" तिनं विचारलं, आणि त्यांनी "घेतलंय, घेतलंय" म्हणून हात उडवला. घेतलं नव्हतं, हे तिला दिसत होतं. तिच्या तळहातांना घाम फुटला. दुपारी आईनं वाढलेली खाडीतल्या तिसऱ्यांची आमटी तिनं तशीच ठेवली.

ती मुंबईला पोचायच्या आत मंडळाच्या नकाशावर तांबळ खाडी लाल झाली होती. पट्टी रजा पाळत नसते, आकडे परस्पर मंडळाला धाडत राहते, हे तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

लाल म्हणजे बंदी. खाडी सावरेपर्यंत जाळं नाही, होडी नाही. मात्र नियम असा की त्याच निरीक्षकानं महिन्याभरात दुसरी फेरी मारायची. तेव्हाही आकडा चढला तरच बंदी पक्की.

गावात बातमी पोचली तसे वासुदेव कुबल इस्त्रीचा शर्ट घालून थेट मुंबईला डॉ. हर्डीकरांच्या समोर येऊन बसले. लेकीला त्यांनी सांगितलंसुद्धा नव्हतं.

"मॅडम, माका एक समजावून सांगा. माझ्या चेडवाच्या अंगार काटो इलो, म्हणान मी होडी वर काढूची?"

"हो, कुबलकाका. तसंच आहे."

"आणि तिचो दात दुखत असलो तर?"

हर्डीकरबाई हसल्या. "दुखण्याचा आलेख वेगळा दिसतो. ताप, भूक, दातदुखी, सगळं यंत्र गाळून टाकतं. उरते ती फक्त चुळबूळ. जपण्यासारखं काही कमी होताना दिसलं की माणसाला होते ती."

कुबलांनी यातलं आपल्याला हवं तेवढंच उचललं. "म्हणजे दुसऱ्या फेरीक ती खूश रवली, तर खाडी चांगली?"

"कागदोपत्री, हो."

"मगे झाला!" ते उठले. पोरीला खूश ठेवणं त्यांच्या डाव्या हातचा मळ होता. लहानपणी रडायला लागली की तेच तर हसवायचे.

दुसऱ्या फेरीच्या सकाळी होडी धुऊनपुसून लख्ख केलेली होती. दाढी गुळगुळीत. डब्यात तळलेले बोंबील, बाटलीत सोलकढी, बसायला घरातली मऊ गोधडी. खोकला येऊ नये म्हणून बाबांनी गालात लवंग धरली होती.

"जेव गो. थांबलंस कित्याक? तुका आठवता, त्या मास्तराच्या डोक्यार खेकडो चढलेलो?" आणि ते स्वतःच जोरजोरात हसले. मग गाणं म्हटलं. मग मास्तर कसा नाचला त्याची नक्कल केली, होडी हेलकावली, तोल जाता जाता वाचले आणि पुन्हा हसले. लवंगेला न जुमानता खोकला आलाच. तो त्यांनी तोंड फिरवून टॉवेलात दाबला. मग पाणावलेल्या डोळ्यांनी वळून हळूच विचारलं, "बरा वाटता मां तुका?"

शमिकाला सगळं कळलं. ती लांब श्वास घेऊ लागली. शांत हो, शांत हो. आकडे मनात उलटे म्हणून झाले, देवाचं नाव घेऊन झालं. बाबांनी डब्यातला एक बोंबील तिच्यापुढे धरला.

"बाबा, गप रवा मां जरा!" ती ओरडली.

बाबा डबा बंद करून मांडीवर धरून बसले, आणि चूक झालेल्या पोरासारखे तिच्या गळ्याकडे, त्या पट्टीकडे बघत राहिले. मंडळाच्या सगळ्या नोंदींत त्या क्षणाइतका चढलेला आकडा कुणी पाहिला नव्हता.

"ती खाडीची चुळबूळ नव्हती!" दुसऱ्या दिवशी शमिका हर्डीकरांच्या टेबलावर हात आपटून म्हणाली. "माझ्या बाबांसाठी होती ती. त्यांचा जीव तुटत होता आणि मला बघवत नव्हतं. फेरी रद्द करा."

"आलेख पाहिला मी," हर्डीकर म्हणाल्या. "खाडीसाठी जीव तुटतो, त्याचा आलेख अगदी असाच असतो. यंत्राला दोन्हींत फरक दिसत नाही. मलाही दिसला नाही."

"मग पहिली फेरी?"

"ते तूच सांग. खाडीमुळे होती की बाबांमुळे?"

शमिकाला ते गप्प पाणी आठवलं. ती गळ्याची हाडंही आठवली. कुठलं आधी दिसलं? तिला सांगता येईना, आणि या गोष्टीची तिला भयंकर भीती वाटली.

"मॅडम, असं असेल तर हा सगळा नकाशाच..." तिनं भिंतीकडे पाहिलं. किनाराभर लाल ठिपके होते. प्रत्येक ठिपक्यामागे कोणीतरी निरीक्षक, आणि त्याच्या घरी काय चाललं होतं कुणास ठाऊक. "तपासून कसं बघायचं?"

"बंद केलेली प्रत्येक खाडी सुधारली. एकूण एक."

"बंद केली तर कुठलीही सुधारेल!"

"हो," हर्डीकर म्हणाल्या. "म्हणूनच तपासता येत नाही." त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता. मग त्यांनी कागदावर सही केली, कारण नियमात दुसरं काही बसत नव्हतं.

तांबळात होडी वर काढली, उलटी करून शाकारली. बाबांनी फोनवर तक्रार केली नाही. "तू शिकलंस, तुका समाजता," एवढंच म्हणाले, आणि तेच तिला जास्त लागलं. त्यानंतर ते फोनवर कमी बोलू लागले. आई म्हणाली, दिवसभर पडवीत बसून असतात.

पुढल्या महिन्यात शमिकाला दूर उत्तरेकडच्या एका खाडीवर पाठवलं. तिथे एक म्हातारा कोळी तिला होडीतून नेत होता. आणि काय सांगावं! पाणी मासळीनं उसळत होतं. काठावर बगळ्यांची झुंबड, चिखलावर खेकड्यांची जत्रा. त्या गोल खोलीतली खाडी जशीच्या तशी समोर. तीनशे वर्षं या पाण्याला कुणी धक्का लावला नसावा. त्या खोलीबाहेर इतकं देखणं काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं वल्हं थांबवलं, दम घेतला, आणि कमरेची पिशवी सोडून तिच्यापुढे भाकरी धरली. "घे पोरी, दोन घास खा. तोंड का एवढंसं झालंय? आमचं पाणी वाईट आहे का?"

"नाही हो, काका! फार चांगलं आहे. खरंच चांगलं आहे," शमिका घाईघाईनं म्हणाली. त्याच्या मनगटाच्या शिरांवरून तिला नजर काढता येईना. "पण मला काठाला घेऊन चला. आत्ताच्या आत्ता, लवकर."

म्हातारा गोंधळून जोरजोरात वल्हं मारू लागला. त्याला धाप लागली. ती धाप ऐकत शमिका दोन्ही हातांनी पट्टी दाबून धरून बसली होती, आणि हातांखाली आकडा चढत होता.