हलका क्लच

मार्च संपत आला होता. हॅमट्रॅमिक गावाच्या रस्त्यांकडेला वितळलेल्या बर्फाचा काळा राडा साचला होता. रेल्वेच्या रुळांवरच्या पुलावर, ऐन चढात, मार्झेना डुडेकची गाडी थांबली आणि हळूहळू मागे यायला लागली. इंजिन नुसतं गरजत होतं, चाकं काही ऐकेनात. मार्झेनाने ब्रेक दाबून धरला. आत जळका वास भरला.

मागे एक पिकअप उभी राहिली. अंगावर ट्रकडेपोचं जाकीट आणि हातात अर्धा खाल्लेला डोनट, असा एक उंच माणूस खिडकीशी येऊन वाकला.

"क्लच प्लेट गेली."

"हो का? मला वाटलं, पूलच उंच केलाय."

तो हसला नाही. "हे जरा धरता का?" म्हणत त्याने डोनट तिच्या हातात दिला आणि साखळी आणायला गेला.

मार्झेना एकतीस वर्षांची होती. नऊ वर्षं तिने याच गावात घरोघरी टपाल वाटलं होतं, लोकांनी तिच्या हातात नाही नाही ते दिलं होतं. उष्टा डोनट पहिल्यांदाच. तिने जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं… तो माणूस साखळी घेऊन परतला, तेव्हा तिच्या हातात फक्त कागद उरला होता.

"माझा डोनट?"

"धरायला सांगितलं होतं. किती वेळ, ते नव्हतं सांगितलं."

आता मात्र तो हसला. त्याचं नाव रॉइस टॉलिव्हर. कचऱ्याच्या ट्रकांच्या डेपोत तो मेकॅनिक होता, आणि शनिवारी घरामागच्या गॅरेजमध्ये जुन्या गाड्या दुरुस्त करायचा. तेवढीच हौस.

त्याने तिथेच ओढून नेलेली ती गाडी होती सत्तर सालची चेवेल, बाटलीहिरवी, भल्या थोरल्या इंजिनाची. मार्झेनाचा झेनेकमामा ती शर्यतीत पळवायचा. फ्लोरिडाला राहायला जाताना त्याने किल्ली भाचीच्या हातात ठेवली. पण गेल्या वर्षी जानेवारीत, टपालाची पिशवी खांद्यावर असताना, मार्झेना एका घराच्या गोठलेल्या पायरीवरून घसरली. डाव्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. तेव्हापासून ती टपाल कचेरीत खिडकीमागे बसत होती. मामा दर रविवारी फोनवर म्हणायचा, "विकून टाक, पोरी. नाहीतर ऑटोमॅटिक करून घे." ती हवापाण्याचं विचारायची.

पहिल्या शनिवारी रॉइसने गिअरबॉक्स खाली उतरवला. मार्झेना उलट्या बादलीवर बसून त्याला एकेक पाना देत होती.

"सोळाचा नाही, चौदाचा."

"सगळे सारखेच तर दिसतात."

"टपालाचे पत्तेही मला सारखेच दिसतात."

क्लच प्लेट बाहेर आली ती पार झिजलेली, अस्तर खिळ्यांपर्यंत घासलेलं. त्यामागचा, प्लेट दाबून धरणाऱ्या ताठ स्प्रिंगांचा जाड गोळा रॉइसने दोन्ही हातांनी तोलून पाहिला.

"हा मामांनी बसवलाय? त्यांचा पाय होता की बैल?"

"मामा आहे अजून. त्याला सांगते."

"याच्या जागी हलका बसवू. इंजिनाचा जोर तेवढाच पेलेल, पायाला मात्र निम्मी मेहनत."

मार्झेनाचा हात थांबला. "माझ्या पायाचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. बादलीवरून तुम्ही दर वेळी उजव्या पायावर उठता."

"तुम्ही माझे पाय बघत होतात?"

"तुम्हालाच बघत होतो. पाय त्यात आले."

एरवी तिला हे आवडलं असतं. थोडं आवडलंही. पण वर्षभर लोक तिच्यासाठी दार उघडून धरत होते, हातातल्या पिशव्या काढून घेत होते, आणि आता हाही.

"होता तसाच बसवा," ती म्हणाली. "जड." आणि कोट चढवून निघून गेली.

पुढच्या शनिवारी ती गेली नाही. घर झाडलं, खिडक्या पुसल्या, मग पुन्हा त्याच खिडक्या पुसल्या. संध्याकाळी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. गाडी विकून टाक, असं न म्हणणारा हा पहिलाच माणूस होता.

तिसऱ्या शनिवारी ती गेली, तेव्हा बाकावर जड आणि हलक्या क्लचची दोन खोकी शेजारी शेजारी ठेवलेली होती. दोन्ही न उघडलेली. बाहेर पावसात गारा मिसळून पत्र्यावर वाजत होत्या.

"बसवला नाहीत?"

"गाडी तुमची आहे. तुम्ही समोर नसताना कसा बसवू?"

"आणि मी जडच म्हटलं तर?"

"तर जड बसवीन. चालवाल तुम्ही, चार महिने दातओठ खात चालवाल. मग गाडी दारात उभी राहील." त्याने हातातली चिंधी घडी घालून ठेवली. "आमच्या डेपोतले जुने ड्रायव्हर ट्रकमधून उतरतात ना, ते डावा गुडघा धरून उतरतात. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, हलका चालेल का म्हणून. मी कीव करत नाहीये, मार्झेना. मला तुम्हाला ही गाडी चालवताना बघायचंय… बरीच वर्षं."

शेवटचे दोन शब्द त्याच्या तोंडून जरा चुकून गेल्यासारखे गेले. मार्झेनाने एक खोकं त्याच्याकडे सरकवलं.

"हलका उघडा," मार्झेना म्हणाली.

नवी प्लेट बरोबर मध्यावर बसवायला वेळ लागला. गिअरबॉक्स वर चढवताना अडून बसला. मग मार्झेना जॅकचा दांडा धरून "डावीकडे… अजून… आता!" करत राहिली, आणि रॉइसने खालून ढकलल्यावर तो अचानक गुमान आत सरकला. तिने नकळत टाळी वाजवली. तळवे काळे झाले होते.

राहिलं होतं पेडल जुळवायचं. ती गाडीत बसली, तो खाली झोपला. फक्त त्याचे बूट दिसत होते.

"दाबा."

तिने दाबलं. गेल्या वर्षभरात त्या पायाला असं काही सहज जमलं नव्हतं.

"सोडा. दुखतंय?"

"नाही."

"खरं सांगा."

"जरासं. चालताना दुखतं तेवढंच. सोसण्यासारखं."

"बरं. दाबा… सोडा. पेडल वरती बोटभर सैल हलायला हवं." पाना फिरल्याचा आवाज आला, मग थांबला. "एक विचारायचं होतं."

"विचारा."

"दाबा आधी." तिने दाबलं. "माझं काम संपलं. पुढच्या शनिवारी तुम्हाला यायचं काही कारण उरत नाही. तर… म्हणजे… सोडा."

"काय सोडू? पेडल की विषय?"

खाली पाना खणकन पडला.

"रॉइस," ती म्हणाली, "बाहेर ये आणि तोंडासमोर विचार."

'ये' ऐकून बूट क्षणभर हलायचे थांबले. मग तो सरकत बाहेर आला, कपाळावर ग्रीसचा पट्टा, आणि दाराशी उभा राहून नुसता पाना पुसत राहिला. ट्रकचं इंजिन एकट्याने उतरवणारा माणूस, पण आता जीभ उचलेना.

"बस शेजारी," मार्झेना म्हणाली. "आधी गाडी फिरवून बघू. पहिला लाल सिग्नल लागला की विचार."

गल्लीत गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा तिने पेडल अलगद सोडलं, आणि ती हिरवी, जुनी, अवजड गाडी एकदाही न अडखळता पुढे निघाली.  मार्झेनाने दुसरा गिअर टाकला.

मोठ्या रस्त्याला पहिला सिग्नल हिरवा होता. दुसराही हिरवा. तिसरा तर ती जवळ येताच हिरवा झाला. रॉइस खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आज नशिबात नाही दिसत."

"गप्प बस."

चौथाही हिरवाच होता. मार्झेनाने क्लच दाबला, ब्रेक लावला आणि भर चौकाच्या तोंडाशी गाडी उभी केली. मागे हॉर्न वाजायला लागले. कुणीतरी काच खाली करून ओरडलं, दिवा दिसत नाही का म्हणून.

"अगं, हिरवा आहे!" रॉइस म्हणाला.

"दिसतोय मला," ती म्हणाली. "माझा पाय क्लचवर आहे आणि अजून दुखत नाहीये. विचारतोस, की त्या मागच्या माणसाला विचारायला लावू?"

रॉइसने विचारलं. हॉर्नच्या गोंगाटात तिला त्यातलं 'शनिवारी' आणि 'कारण नसतानाही येशील' एवढंच ऐकू आलं. तिने हो म्हटलं, पहिला गिअर टाकला आणि दिवा लाल व्हायच्या आत चौक ओलांडला.