बोलून ठेवलेलं

रेडिओवरची नोकरी सांभाळून तिनं वर्षभर वस्तीतल्या माणसांचे आवाज गोळा केले होते. प्रश्न एकच: तुमचा मनापासून विश्वास कशावर आहे? माणसं आधी हसायची, मग खुर्ची पुढे ओढून बोलत सुटायची. आता बंद पडलेल्या धुलाई कारखान्यात छताला हेडफोन लोंबत होते, प्रत्येकाखाली एक स्टूल. भिंतींना अजून साबणाचा वास होता. उद्घाटनाला पाय ठेवायला जागा नव्हती.

आई दारातच उभी. जन्मभर शिवणयंत्रावर वाकलेली बाई आज ताठ होती. येईल त्याला सांगत होती, "माझ्या लेकीनं केलंय हे. एकटीनं!"

"आई, पुरे की आता," ती म्हणाली. पण ऊर तिचाही भरून आला होता.

सगळ्यांत आधी कुलपं दुरुस्त करणारे काका बसले. त्यांचा भाऊ बोटीवर गेला तो परतलाच नव्हता. तो येणार, म्हणून काका घराला कधी कुलूप लावत नसत. हाच विश्वास त्यांनी तिच्याकडे बोलून ठेवला होता.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढला.

"छान बोलतो. कोण हा?"

"काका, थट्टा पुरे. तुम्हीच की!"

"मी?" काका गोंधळले. "छे! गेलेलं माणूस असं परत येतं होय?" मग खिसे चाचपत उठले. "निघतो बाई. घर उघडंच टाकून आलोय."

तिनं तो हेडफोन स्वतः लावून पाहिला. काकांचाच आवाज, मधला खोकलासुद्धा जिथल्या तिथे. फक्त तो फार जवळून येत होता. कानाला ऊब लागत होती.

पलीकडे रुग्णालयातली परिचारिका स्वतःचंच बोलणं ऐकून हसत होती. कुंडीतल्या झाडांना रोज गाणी म्हणून दाखवणारी.

"काय एकेक माणसं असतात!" ती शेजारणीला म्हणाली. "म्हणे झाडांना ऐकू येतं."

काकांचा हेडफोन तिनं हातातून सोडून दिला. तिनं दाराकडे पाहिलं.

दारात आई नव्हती.

आईचं बोलणं तिनं सगळ्यांत शेवटी घेतलं होतं. 'देवाबिवाचं मला कळत नाही. माझा विश्वास माझ्या लेकीवर. ती माझी आहे, एवढं मला पुरे.'

गर्दीतून वाट काढत ती मागच्या कोपऱ्यातल्या आईच्या हेडफोनकडे धावली.

आई हेडफोन लावून स्टुलावर बसली होती. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर तोच मघाचा अभिमान.

"आई! काढ तो!"

आईनं डोळे उघडले. पाण्यानं भरलेले.

"किती अभिमानानं बोलते ही बाई," ती म्हणाली. "भाग्याची असणार लेक."

"आई, अगं..."

आई लगबगीनं उठली. हेडफोन रुमालानं नीट पुसला आणि तिच्यापुढे धरला.

"बसा ना," ती म्हणाली. "तुम्हीही ऐका."