म्हशीला शिकवलेला शब्द

“बघायला बस, पोरी, खेळायला बसू नको. या पोराच्या खेळातून उठता येत न्हाई.”

बिलकीसच्या आईनं, जैनबबीनं, चतुराला बजावलं होतं. चतुरा हसण्यावारी नेऊन मोकळी झाली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी, ती काय खेळातल्या फाशाला भिणार!

झालं होतं असं, की ती बिलकीसकडे, मैत्रिणीकडे, राहिलेली छत्री आणायला गेली, आणि दारातच घोडा फुरफुरला. दचकून ती पायरी उतरली. आत बघते तर घोडा कुठला! ओसरीवर चटई, चटईवर बिलकीस आणि तिचा भाऊ नासेर, आणि समोर एक उंच, सावळा तरुण… त्याचे ओठ अजून थरथरत होते.

“भिऊ नका, चावत न्हाई,” तो म्हणाला.

“कोण? घोडा का तुमी?”

नासेर खो खो हसला. तरुणाचे कान लाल झाले. तो मुंजाजी. परभणीहून जनावरांची डॉक्टरकी शिकून आलेला, नेमणुकीची वाट बघणारा. त्याच्या मित्राच्या भावानं अमेरिकेहून एका नव्या खेळाचे नियम पाठवले होते, ते मुंजाजीनं शब्दकोश घेऊन मराठीत उतरवले होते. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतले वीर व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की नाही ते फासा ठरवणार. प्रत्येक वीरानं एक जनावर लढाईसाठी तयार करायचं. मारून शिकवलं तर लवकर शिकतं, पण ऐन लढाईत उधळतं. माया लावून शिकवलं तर वेळ लागतो, पण मग ते हटत नाही.

नासेरनं घोडा घेतला होता, बिलकीसनं चित्ता.

“मला म्हैस,” चतुरा म्हणाली.

“म्हैस? लढाईला?”

“काहून? नियमात न्हाई लिहिलेली?”

मुंजाजीनं तिच्याकडे बघितलं… जरा जास्तच वेळ. “लिहून घेतो,” तो म्हणाला.

मग दर रविवारी चतुरा ओसरीवर. खरं सांगायचं तर ती ऐकायलाच यायची. मुंजाजी म्हैस बोलायला लागला की चटईवर खरंच म्हैस उभी राहायची — ओल्या नाकाची, कान पाडून संशयानं बघणारी. “मानेखाली खाजवा तिला. हां… आता बघा, डोळे मिटून राहिली.” असा आवाज ज्याच्याकडे आहे, त्याच्या हाताखाली कुठलं जनावर घाबरेल, असं तिला वाटायचं. आणि वाटलं की ती उगाच पदर सारखा करायची.

म्हैस ‘धर’ शिकली, ‘थांब’ शिकली. तिसरा हुकूम होता ‘टाच’. टाच म्हटलं की जनावरानं मागे लाथ झाडायची. नासेरच्या घोड्यानं तर लाथांनी अर्धं सैन्य लोळवलं होतं.

आणि मग दोन बातम्या एका आठवड्यात आल्या. मुंजाजीची नेमणूक किनवटला झाली, सोमवारी निघायचं. आणि चतुराचा मामा नांदेडचं स्थळ घेऊन गुरुवारी येणार होता. मुंजाजी काही बोलेना. घोडा बोलायचा, चित्ता बोलायचा, म्हैस बोलायची… हा मात्र गप्प.

शेवटचा रविवार. लढाई रंगात आली होती. चतुराचा वीर शत्रूंनी घेरला.

“टाच!” ती म्हणाली.

“म्हशीनं लाथ झाडली,” मुंजाजी म्हणाला. “पण मागं तर तुमीच उभ्या आहात.”

“न्हाई. म्हैस माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.”

“अशी कशी?”

“तुमच्या कागदावर इंग्रजीत ‘हील’ आहे ना? मी कॉलेजातला मोठा शब्दकोश बघितला. पायाची टाच हा एक अर्थ झाला. जनावराला म्हणतात तेव्हा अर्थ वेगळा — साथ न सोडता बाजूनं चाल.”



“म्हणजे माझ्या घोड्यानं इतके दिवस फुकट लाथा मारल्या?” नासेर ओरडला. बिलकीसनं त्याला दंडाला धरून उठवलं. “चल भाईजान, चहा आणू.” जाताना तिनं चतुराकडे बघून डोळा मिचकावला.

मुंजाजी फासा नुसता हातात फिरवत राहिला.

“चतुराबाई… किनवटचा रस्ता जंगलातला आहे.”

“बरं मग?”

“हुकूम न्हाई करून राहिलो… पण… बाजूनं चालाल का?”

“हुकूम असता तर लाथच बसली असती,” ती म्हणाली. “आणि असं फुकट न्हाई होत कुणी आपलं. फासा टाका.”

त्यानं टाकला. फासा गरगरत थांबायच्या आत चतुरानं त्यावर तळहात ठेवला.

“काय पडलं?” त्यानं विचारलं.

“काही का पडेना. उद्या किनवटची गाडी सोडा अन् आईला घेऊन आमच्या घरी या. मामा गुरुवारी येऊन राहिला.”

तो आला. चतुराच्या वडिलांसमोर बसला आणि पाणी पिताना त्याला ठसका लागला. “खेळात जनावरांना शिकवता म्हणं. आमच्या पोरीला काय शिकवाल?” वडिलांनी विचारलं. “उलट कालच तिनं मला एक शब्द शिकवला,” मुंजाजी म्हणाला. वडील हसले आणि तिथंच सगळं ठरलं. मुंजाजी नोकरीवर रुजू झाला, वैशाखात बुद्धविहारात लग्न लागलं, आणि मग दोघं मिळूनच किनवटला राहायला गेली.

आता बदली होऊन ती दोघं कुरुंद्याला असतात. चतुराच्या मांडीवर दात येणारं किरकिरं लेकरू आहे आणि तिचे कान रस्त्याकडे. जनावरांत खुरकताची साथ आहे. मुंजाजी सकाळीच सायकल घेऊन ओढ्यापलीकडे गेला तो अजून आलेला नाही. वर आभाळ भरलंय. तेव्हा तुम्ही त्या वाटेनं येत असाल, तर एवढं करा — एखाद्या गोठ्याशी उंच, सावळा माणूस जनावराच्या कानाशी बोलत बसलेला दिसतो का, बघा. दिसला तर विचारा, जेवलास का. आणि ओढ्याला पाणी चढायच्या आत त्याला घराकडे लावून द्या.