सावलीत सुकवलेला पापुद्रा

हौसाक्का घोरपडे पंधरा दिवस गप्प होत्या. त्यांच्या पापडाच्या कारखान्यातल्या बायकांना आक्कांच्या कर्करोगापेक्षा ही बातमी जास्त जड गेली.

केमोच्या औषधानं तोंड आलं होतं. जिभेपासून घशापर्यंत नुसती आग, पाणीसुद्धा टोचायचं. पाच डोस झाले होते, सहावा आणि शेवटचा सोमवारी होता. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, तोवर खाणं सुरू झालं नाही तर डोस देता येणार नाही. आज गुरुवार.

वॉर्डाशेजारच्या काचेच्या खोलीतलं यंत्र रोज सकाळी चहाच्या आधी गुणगुणायला लागे आणि प्रत्येक पेशंटच्या नावाचा एकेक पापुद्रा बनवी. नखाएवढा, पारदर्शक. तो गालाच्या आत चिकटवायचा. त्यात औषधाचे डोळ्यांना न दिसणारे कण असत. तोंडातला दाह वाढला की लाळ बदलते. तो बदल ओळखून पापुद्रा हवं तेवढंच औषध सोडी. टिकला तर आठ तास आराम. पण टिकतच नव्हता. तासाभरात कडा वळत, जीभ तिथंच जाई आणि पापुद्रा हातात येई.

"आक्का, जीभ लावू नका ना," नीलोफर मुजावर काकुळतीनं म्हणाली. पापुद्रे घडवणारी औषधतज्ज्ञ तीच. "डिंक तीनदा बदलला मी."

हौसाक्कांनी निघालेला पापुद्रा चिमटीत धरला, उजेडाकडे केला, अंगठ्यानं चोळला. मग सुनेला, शैलाला, खुणेनं चाकाची खुर्ची आणायला लावली आणि थेट काचेपाशी जाऊन बसल्या. आत यंत्र पातळ लेप ओतत होतं आणि लगेच वरून गरम वारा सोडत होतं. चार मिनिटांत पापुद्रा तयार.

हौसाक्कांनी कपाळावर हात मारला. दुखत्या तोंडानं, एकेक शब्द तोलत त्या बोलल्या, "पोरी... कडक उन्हात घालतीस व्हय?"

"म्हणजे?"

"वरनं सुकलं. आत ओल. मग कड वळंल न्हाई तर काय नाचंल? पापड आधी सावलीत. अंगची ओल सुटली की उलटायचा. मग ऊन."

"आत्या, त्या शिकलेल्या आहेत," शैला पुटपुटली.

"शिकलीय. वाळवण कुठं घातलंय तिनं?"

नीलोफर हसली नाही. ती वळलेल्या कडेकडे बघत होती. आठवडाभर ती डिंकाशी भांडत होती आणि दोष वाऱ्याचा होता. "आक्का, पण असं केलं तर दोन तास लागतील."

"मग मी कुठं जत्रंला निघालीय?"

शुक्रवारी यंत्र पहाटेच सुरू झालं. वारा मंद, उष्णता निम्म्याहून कमी, आणि मध्येच पापुद्रा उलटवायला नीलोफर स्वतः चिमटा घेऊन उभी. तयार झालेला पापुद्रा सपाट होता. हौसाक्कांच्या गालाला तो असा बसला की जिभेला कड सापडेना. दुपारपर्यंत आग विझत आली. संध्याकाळी पेज गेली, शनिवारी मऊ भात, आणि रविवारी दुपारी दुधात कुस्करलेली भाकरी.

पहिला घास गिळून हौसाक्का थांबल्या. शैला पाण्याचा पेला घेऊन पुढं झाली.

"भाकरी कुणी थापली ही?"

"मी, आत्या."

"म्हशीच्या पाठीसारखी जाड हाय. वीस वर्षं शिकवतीय, हाताला वळण म्हणून न्हाई!"

शैला हसता हसता रडायला लागली. तिनं फोन लावून कारखान्यात सांगितलं, "आत्या बोलल्या!" पलीकडून विचारणा झाली, "शिव्या दिल्या का?" "दिल्या!" तिकडे बायकांनी लाटणी आपटून जल्लोष केला.

सोमवारी सहावा डोस लागला. वॉर्डातल्या अकराही जणांच्या गालात आता सपाट पापुद्रे होते आणि यंत्राच्या पडद्यावर नवं बटण आलं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'सावली'. शैलानं ते वाचून दाखवलं. हौसाक्कांनी मान ताठ केली, जणू हे व्हायचंच होतं.

मग त्यांची नजर कॉरिडॉरमधल्या बंद दारांवरून फिरली. प्रत्येक दाराआड कुठलं ना कुठलं यंत्र गुणगुणत होतं. त्यांनी नीलोफरला जवळ बोलावलं.

"खरं सांग पोरी. अजून काय काय उन्हात घालता गं तुम्ही इथं?"