डावखुरा हिरवा

"बाबा, या गाडीत कुणी मेलंय का?"

हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी, हान्ना आणि व्लादाने, लावली होती, आणि हल्ली मी कुठल्याच पैजेला मागे सरत नाही! दोघी कुंपणाआड बसून ऐकत होत्या.

बाबा गाडीच्या दारावर खडूने डाग आखत होते, ते आखतच राहिले. "त्या दोघींना सांग, वेण्या दिसतायत." मग हळूच, "मेलं नाही गं कुणी. यारेमा सापडत नाहीये, एवढंच."

यारेमा माझा दादा. ही पिकअप तोच चालवायचा. फेब्रुवारीत तो आघाडीवर बेपत्ता झाला. त्याच्या तुकडीने गाडी तेवढी आमच्याकडे पाठवली. बर्फात लपण्यासाठी फासलेला पांढरा रंग खरवडून आता झाडीत लपायला हिरवे-तपकिरी डाग द्यायचे, आणि शनिवारी परत पाठवायची. बाबा आखायचे, मी भरायचे. अंगणात चेरी फुललेली. पाकळ्या ओल्या रंगाला चिकटायच्या, त्या मी चिमट्याने काढायचे.

मंगळवारी सकाळी चालकाच्या दारावर एक हिरवा डाग जास्त होता. खडूची रेघ नाही, नुसता रंग.

"झकास जमलंय, उल्याना!" बाबा म्हणाले. तो मी भरला नव्हता, तरी शाबासकी खुशाल घेतली.

बुधवारी आणखी एक. सगळे ब्रश मीच आदल्या दिवशी धुऊन, पुसून खिळ्यांना टांगले होते. एक ओला होता.

या वेळी बाबांनी मान वळवली. कुंपणाकडे बघत राहिले. गेल्या वर्षी ते दादाने रंगवलं होतं, डाव्या हाताने. प्रत्येक फटकारा उजवीकडून डावीकडे, शेवटी शेपटीसारखा वर वळलेला.

दारावरचेही तसेच वळले होते.

आई आली. दाराला गाल लावून उभी राहिली. गाल हिरवा झाला.

"गाडी जाणार नाही," ती म्हणाली. "तो येतोय इथे."

"अगं, तिकडे त्याच्या तुकडीतली सहा पोरं गाडीविना पायी फिरतायत," बाबा म्हणाले.

"तो निघाला त्या दिवशी बस हॉर्न देत होती. मीच घाई केली त्याला. माणूस सुखरूप परत यावा म्हणून निघण्याआधी मिनिटभर बसायचं असतं, सगळे बसतात. त्यालाच बसू दिलं नाही मी."

शनिवारी उजाडलं तेव्हा उरलेले सगळे डाग भरलेले होते.

रंगावर एकही पाकळी नव्हती.

मी घराच्या दारापाशी गेले. निघताना आम्ही बसतो तो बाक तिथेच आहे. बाकाच्या फळीच्या टोकाला हिरवा पंजा उमटला होता.

डावा.

मी बोट टेकवलं. ओला. फळी कोमट.

"आई, बाबा, मी ठरवलंय," मी म्हणाले. आवाज जराही हलला नाही. "गाडी आज जाणार. पण आधी बसायचं, पूर्ण मिनिट. आई, तू मध्ये बस. आणि त्या टोकाकडे सरकू नका. फळी तिथे आधीच वाकलीय."