अंगावर काढलेलं दुखणं

"हे आपल्या कंडक्टर ताईचं आहे. गाडी मीच चालवत होतो, पण मला काही दिसलं नाही. तिने सांगितलं तेच सांगतो." दिवे गेल्यावर डेपोतल्या बाकावर म्हाताऱ्या ड्रायव्हर काकांनी नव्या पोरांना गोष्ट सांगायला घेतली.

मंगळवारची रात्र, अकरा वाजून दहा मिनिटं. उतारू उतरले होते. ताई मागच्या खिडक्या लावत निघाली. सात महिने तिच्या अंगावरून फार जात होतं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. सोनोग्राफीत गर्भपिशवीत तीन गाठी निघाल्या. सासूबाई म्हणाल्या, "बायकांचं असतंच, अंगावर काढ." डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "पिशवी काढून टाका." आणि हिला तर मूल हवं होतं.

शेवटच्या सीटवर एक बाई बसली होती.

"मावशी, शेवटचा थांबा गेला."

बाईच्या पायांखाली ओलं होतं. पाणी नव्हतं ते.

"बस ना... मीही अंगावर काढलं," बाई म्हणाली.

"मग?"

"मग... संपलं."

बाईने ताईचं मनगट धरलं. तिचा हात गार. बर्फासारखा.

"गप्प राहा... गप्प राहिलं की दुखत नाही..."

ताईने दुसऱ्या हाताने सीटचा दांडा धरला.

"मी नाही गप्प राहणार. उद्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवणार. तुम्हाला यायचं तर या. आधी हात सोडा."

हात सुटला. सीट रिकामी. कोरडी.

सकाळी ताई एकटीच गेली. डॉक्टर बाईंनी नीट समजावलं, "या फायब्रॉइडच्या गाठी. कॅन्सर सहसा नसतो. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. रक्तस्राव कमी करायला औषधं आहेत, गाठींचा रक्तपुरवठाही बंद करता येतो. तुला मूल हवंय, तर पिशवी ठेवून गाठी तेवढ्या काढू. पिशवी काढणं हाही उपाय आहे, पण ठरवायचं तू."

"गाठी काढा," ताई म्हणाली. घरी जाऊनही तेच सांगितलं. सासूबाईंनी तोंड फिरवलं. तिने ते फिरू दिलं. आधी अंगात रक्त भरलं, मग ऑपरेशन झालं, आणि तीन महिन्यांनी ताई पुन्हा ड्यूटीवर.

"आणि मूल?" एका पोराने विचारलं.

"ते तिचं ती बघेल. तू ऐक."

काका पुढे सरकून बसले.

"त्या सकाळी ताईचा एकटीचाच केसपेपर काढला होता. डॉक्टर बाईंच्या टेबलावर दोन निघाले. दुसऱ्यावर नाव नव्हतं. तक्रारीच्या रकान्यात एकच ओळ, शाई अजून ओली...

'मलाही दाखवायचं होतं.'"